एटो माद्रिदला गेला १६व्या वर्षी, पण घडला मायोर्कात

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत कॅमेरूनचा आघाडीपटू सॅम्युअल एटो याच्या कारकिर्दीवर लेख आला. क्रिकेटच्या गर्दीत एका आफ्रिकी फुटबॉलपटूला एवढी जागा मिळाली याचा आनंद झाला. पण लेख वाचून असं वाटतं, की कॅमेरूनमधल्या दुआला शहराचा एक मुलगा रिअल माद्रिदच्या नजरेत भरला आणि पुढचं सगळं ओघाने होत गेलं. शेवटी पालकांना सल्लाही आहे: मुलात चमक दिसली, की वेळ न दवडता त्याला बाहेर पाठवा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शाळकरी मुलांना फुटबॉल शिकवणाऱ्या आम्हा प्रशिक्षकांना हा सल्ला अजिबात पटलेला नाही, आणि आमचा मुख्य पुरावा खुद्द एटोची कारकीर्दच आहे.

एटोचा जन्म १० मार्च १९८१चा. दुआलातल्या काजी अकादमीत तो शिकला. देशाकडून पहिला सामना खेळला ९ मार्च १९९७ रोजी, कोस्टा रिकाविरुद्ध. सोळावं वर्ष पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता आणि संघ ०-५ असा हरला. त्याच वर्षी रिअल माद्रिदने त्याला नेलं. लेखात इथपर्यंतचं सगळं आहे. पुढची तीन वर्षं मात्र दोन ओळींत उरकली आहेत, आणि पालकांनी वाचायला हवीत ती नेमकी तीच वर्षं.

माद्रिदचा दुसरा संघ त्या सुमारास तिसऱ्या श्रेणीत घसरला होता. त्या श्रेणीत युरोपीय महासंघाबाहेरच्या देशांचे खेळाडू खेळवता येत नव्हते. मुलगा कितीही गुणी असला, तरी त्याला उतरवायला मैदानच नव्हतं. म्हणून त्याला दुसऱ्या श्रेणीतल्या लेगानेसकडे एका हंगामासाठी उसना दिला. तिथे गोल मोजकेच झाले. मग १९९९मध्ये एस्पान्योलकडे. तिथे तर लीगच्या एकाही सामन्यात तो मैदानात उतरला नाही. मधल्या काळात, १७ जून १९९८ला, फ्रान्समधल्या विश्वचषकात इटलीविरुद्ध बदली खेळाडू म्हणून तो आला आणि त्या स्पर्धेतला सर्वांत लहान खेळाडू ठरला. म्हणजे विश्वचषकाचा शिक्का आणि माद्रिदचा करार दोन्ही जवळ असताना, अठराव्या वर्षी हा मुलगा क्लबच्या सामन्यांवाचून बसून होता.

जानेवारी २०००मध्ये तो मायोर्का या बेटावरच्या मध्यम क्लबकडे आला, आधी उसना आणि मग कायमचा. उरलेल्या अर्ध्या हंगामात ६ गोल केले आणि तिथेच २००४पर्यंत राहिला. एकोणीस ते तेवीस या वयात दर आठवड्याला पहिल्या अकरांत. स्पेनच्या पहिल्या श्रेणीत मायोर्कासाठी त्याने ५४ गोल केले. २००३च्या स्पॅनिश चषकाच्या अंतिम सामन्यात रेक्रेआतिवोला ३-० हरवलं, त्यांतले दोन त्याचे. याच काळात, सप्टेंबर २०००मध्ये, सिडनीत ऑलिंपिक सुवर्ण मिळालं: स्पेन २-० पुढे असताना आधी स्वयंगोल झाला, मग एटोने बरोबरी साधली आणि पेनल्टींवर कॅमेरून जिंकलं. २००० आणि २००२ असे दोन आफ्रिकी चषकही याच वर्षांतले.

आघाडीपटूला सामने का लागतात, हे सरावाचं मैदान पाहिलं की कळतं. एका सराव सत्रात मुलगा गोलवर सहज ३० फटके मारतो. सामन्यात त्याच्या वाट्याला तीन येतात, आणि त्या तिन्हींआधी त्याला वीस-पंचवीस धावा अशा काढाव्या लागतात ज्यांत चेंडू मिळतच नाही. कधी पळायचं, कधी थांबायचं, बचावपटू कोणत्या पायावर आहे, हा हिशेब चुरशीच्या सामन्यातच शिकता येतो. म्हणून सोळाव्या वर्षी मुलाला मोठ्या नावाच्या अकादमीत राखीव म्हणून बसवण्यापेक्षा लहान संघात वर्षाला २५-३० पूर्ण सामने मिळणं कितीतरी मोलाचं आहे. बाहेरून बोलावणं आलं तर पहिला प्रश्न हा विचारावा: आमचा मुलगा तिथे कोणत्या स्पर्धेत, कोणत्या वयोगटात आणि किती सामने खेळेल?

एटोचे दोन गोल मुलांना संथ गतीने, पुन्हा पुन्हा दाखवण्यासारखे आहेत. पहिला १७ मे २००६चा, पॅरिसजवळ सेंट-डेनिस इथे, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात, बार्सिलोनाकडून आर्सेनलविरुद्ध. आर्सेनलचा गोलरक्षक १८व्या मिनिटाला लाल कार्ड मिळून बाहेर गेला होता, तरी १-० आघाडी त्यांचीच होती. ७६व्या मिनिटाला सहकारी लार्सनने चेंडूला हलका स्पर्श देऊन तो पुढे सरकवला आणि एटो डाव्या बाजूने बचावपटूच्या मागून निघाला. तो ऑफसाइड (पास निघताना गोलरक्षक सोडून शेवटच्या बचावपटूच्या पुढे) होता की नव्हता यावर आजही वाद होतो, इतकी ती धाव त्या रेषेला चिकटून होती. फटका जमिनीलगत, जवळच्या खांबाच्या आतून. दुसरा गोल २७ मे २००९चा, रोममध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध, १०व्या मिनिटाला. तोवर युनायटेडचाच जोर होता. इनिएस्ताचा पास उजव्या बाजूला आला, एटोने बचावपटू विदिचला आत घेत चुकवलं आणि पाय फारसा मागे न नेता बुटाच्या टोकाने चेंडू पुन्हा जवळच्याच खांबाकडून ढकलला.

दोन्हींत ताकद फार नाही, वेळ साधली आहे. बाजूने येणारा आघाडीपटू दूरच्या खांबाकडे मारेल किंवा आत पास देईल या अंदाजाने गोलरक्षक वजन त्या बाजूला टाकतो. पाय मागे न नेता मारलेला फटका त्याचे पाय जमिनीवर स्थिर होण्याआधीच पोचतो. आमच्या मुलांना पाय मागे नेऊन जोरात मारायची सवय असते. त्यात बचावपटूला पाऊलभर वेळ मिळतो, आणि पावसात तर टेकलेला पायच घसरतो.

हे शिकवायचं तर गोलपासून २५ मीटरवर बचावपटूच्या जागी एक शंकू ठेवावा. आघाडीपटूने शंकूच्या बाजूला हातभर अंतरावर, अंग अर्धं गोलकडे वळवून उभं राहावं. पास देणारा त्याच्या १२-१५ मीटर मागे. पास देणाऱ्याची मान खाली असेपर्यंत आघाडीपटूने शंकूच्या म्हणजे बचावपटूच्या रेषेला समांतर हळू सरकत राहायचं. मान वर आली आणि पाय चेंडूकडे निघाला, की बाहेरून वळण घेत पळायचं. पहिला स्पर्श चेंडू एक पाऊल पुढे काढण्यासाठी, दुसरा स्पर्श म्हणजे फटका. गोल ७.३२ मीटर रुंद असतो; जवळच्या खांबापासून १ मीटर आत एक खूण ठेवावी आणि चेंडू त्या फटीतून, गुडघ्याच्या खालून गेला तरच गोल धरावा. ६ धावांचा एक गट, प्रत्येक धावेनंतर चालत परत, असे ४ गट आणि मध्ये ३ मिनिटं विश्रांती. पहिले दोन गट शंकूवर, पुढचे दोन खऱ्या बचावपटूवर. चुका साधारण ठरलेल्या असतात. मुलगा सरळ रेषेत पळतो आणि पास निघायच्या आधीच रेषेपलीकडे जातो. नाहीतर चेंडूकडे पाहत राहतो आणि बचावपटू कुठे आहे हे त्याला ठाऊक नसतं. तिसरी चूक टेकलेल्या पायाची: तो चेंडूच्या मागे राहिला, की फटका आकाशात जातो.

ऑफसाइडची अडचण कोकणात जास्त आहे आणि त्याला मुलं जबाबदार नाहीत. आपल्याकडच्या बहुतेक स्पर्धा सेव्हन-अ-साइड, भात कापल्यावरच्या खाचरांत किंवा शाळेच्या अर्ध्या मैदानात, लहान गोलवर आणि बहुधा ऑफसाइडशिवाय होतात. त्यामुळे सर्वांत वेगवान मुलगा समोरच्या गोलजवळ उभा राहतो आणि लांब मारलेला चेंडू ढकलून गोल करतो. तोच मुलगा सुब्रतो चषकासाठी शाळेकडून पूर्ण मैदानावर उतरला, की पहिल्या अर्ध्यात तीन-चार वेळा ऑफसाइडचा झेंडा वर जातो. मग तो पळायचंच सोडून देतो. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांना विनंती आहे, की किमान सोळा वर्षांखालच्या सामन्यांत दोन लाइनमन नेमून ऑफसाइड लावावा. मैदान लहान असेल तर गोलपासून १५ मीटरवर चुन्याची रेघ मारून फक्त तिच्या पलीकडे ऑफसाइड धरला, तरी सवय लागते.

मैदानाबद्दलही थोडं सांगायला हवं. सड्यावरच्या कातळी जमिनीवर लांब स्टडचे बूट घातले, की टाच आणि नडगी दुखू लागते. तिथे आखूड रबरी दाण्यांचे टर्फ शूजच हवेत. पुळणीवर सराव चांगला, पण कोरड्या भुसभुशीत वाळूत २० मिनिटांपेक्षा जास्त नको. तिथे पोटऱ्या तयार होतात, मात्र पाय जमिनीवर जास्त वेळ राहत असल्याने झटकन निघण्याची सवय मोडते. वेगाच्या धावा ओहोटीला उघड्या पडणाऱ्या घट्ट ओल्या वाळूवर घ्याव्यात, आणि किनारा उतरता असतो म्हणून जितक्या धावा एका दिशेने तितक्याच उलट दिशेने, नाहीतर एकाच बाजूच्या घोट्यावर आणि कमरेवर ताण येतो. पावसाळ्यात चिखलात चेंडू जड होतो. तेव्हा लांब फटक्यांचा सराव कमी करून छोटे पास घ्यावेत. एका दिवसात चौदा वर्षांच्या मुलाला तीन-तीन सामने खेळवणं तर बंदच व्हायला हवं. गुडघ्याच्या वाटीखालची ठसठस आणि टाचेचं दुखणं यांचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

पुन्हा एटोकडे. २००८च्या उन्हाळ्यात बार्सिलोनाचे नवे प्रशिक्षक गार्डिओला यांनी रोनाल्डिन्हो आणि डेको यांच्याबरोबर एटोलाही आपण योजनेत धरलेलं नाही असं जाहीर सांगितलं होतं. ते दोघे गेले, एटो राहिला आणि त्या हंगामात लीगमध्ये ३० गोल केले. माद्रिदच्या मैदानावर २ मे २००९ रोजी बार्सिलोनाने ६-२ असा विजय मिळवला, तेव्हा मेस्सी मधोमध होता आणि एटो उजव्या बाजूला. पुढच्या वर्षी इंटर मिलानमध्ये प्रशिक्षक मोरिन्यो यांनी त्याला कडेला लावलं. २८ एप्रिल २०१०ला बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊ मैदानावर त्यांच्याविरुद्ध चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना होता. इंटरचा मोटा २८व्या मिनिटाला लाल कार्ड मिळून बाहेर गेला, आणि जगातला त्या काळचा एक अव्वल गोल करणारा खेळाडू पुढे तासाभराहून जास्त वेळ कडेच्या बचावपटूसारखा खेळला. इंटर तो सामना ०-१ हरलं, पण दोन्ही सामने मिळून ३-२ने अंतिम फेरीत गेलं आणि चषक घेऊन आलं. लागोपाठ दोन वर्षं, दोन वेगळ्या क्लबांकडून, लीग, देशाचा चषक आणि चॅम्पियन्स लीग अशी तिन्ही विजेतेपदं त्याच्या नावावर आहेत. त्यानंतरच्या हंगामात पुन्हा पुढे खेळायला मिळालं, तर सगळ्या स्पर्धा मिळून ३७ गोल. 'मी स्ट्रायकर आहे, मागे येणार नाही' असं म्हणणाऱ्या मुलाला हा उपांत्य सामना पूर्ण ९० मिनिटं दाखवावा. धावून परत येण्याची तयारी म्हणून ३० मीटरच्या ६ वेगवान धावा, मध्ये ३० सेकंद विश्रांती, आठवड्यातून दोनदा पुरे.

२०११नंतरचा प्रवास लेखात बरोबर आहे: रशियात अँझी, मग चेल्सी, एव्हर्टन, सॅम्पदोरिया, तुर्कस्तानातले दोन क्लब, शेवटी कतार, आणि सप्टेंबर २०१९मध्ये निवृत्ती. देशाकडून ५६ गोल, आफ्रिकी चषकात १८. आफ्रिकेचा सर्वोत्तम खेळाडू चार वेळा.

आता कागदांबद्दल, कारण पालकांना बाहेर पाठवा म्हणताना लेखाने याचा उल्लेखही केलेला नाही. एटो १९९७मध्ये गेला त्या वाटेने आज कोकणातला सोळा वर्षांचा मुलगा जाऊच शकत नाही. २००१पासून फिफाचा नियम आहे, की १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात नोंदणी होत नाही. अपवाद मोजके आहेत: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणाने त्या देशात राहायला गेले असतील, खेळाडू १६ ते १८ वयाचा आणि बदली युरोपीय महासंघाच्या आतल्या आत असेल, घर आणि क्लब दोन्ही सीमेपासून ५० किलोमीटरच्या आत असतील, आणि असेच आणखी एकदोन. रत्नागिरीच्या मुलाला यांतला एकही सहसा लागू होत नाही. हा नियम मोडला म्हणून २०१४मध्ये बार्सिलोनावर आणि २०१६मध्ये रिअल माद्रिदवर, म्हणजे एटोच्याच दोन क्लबांवर, फिफाने नवे खेळाडू नोंदवायला बंदी घातली होती. तेव्हा पंधरा वर्षांच्या मुलाला 'युरोपात ट्रायल, पास झाला की लगेच करार' असं सांगून कोणी लाखाची रक्कम मागत असेल, तर त्या ट्रायलमध्ये मुलगा कितीही चांगला खेळला तरी नोंदणी होणारच नाही. कॅमेरूनमध्ये आणि पश्चिम आफ्रिकेत ही फसवणूक वर्षानुवर्षं झाली. मुलं पर्यटक व्हिसावर नेऊन युरोपातल्या शहरांत सोडून दिली गेली. त्यांच्यासाठी कॅमेरूनचाच माजी खेळाडू ज्याँ-क्लोद म्बव्हूमँ याने फ्रान्समध्ये 'फुट सॉलिडेअर' ही संस्था काढली.

बोलावण्याचं पत्र आलं तर पत्रावरच्या नंबरवर फोन करू नये. क्लबच्या अधिकृत संकेतस्थळावरचा नंबर शोधून तिथे विचारावं. एजंटकडे फिफाचा परवाना आहे का हे नावानिशी तपासता येतं. फिफाच्या नियमाप्रमाणे मुलगा पहिला व्यावसायिक करार करण्याच्या वयाला पोचायच्या फार तर सहा महिने आधी एजंटने संपर्क साधायचा असतो, तोही पालकांच्या लेखी संमतीने. १८ वर्षांखालच्या मुलाचा करार तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीचा करता येत नाही. पाच वर्षांचा कागद पुढे आला तर सही करू नये. आणि करार पालकांनी स्वतः वाचावा, वकिलाकडून समजून घ्यावा. बार्सिलोनात असताना मिळालेल्या प्रतिमाहक्कांच्या (जाहिरातींत नाव-चेहरा वापरू देण्याच्या) उत्पन्नावरचा कर चुकवल्याचं एटोने जून २०२२मध्ये स्पेनच्या न्यायालयात कबूल केलं आणि त्याला २२ महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. आपण तेव्हा लहान होतो, एजंटला वडिलांसारखं मानत होतो आणि तो सांगेल तसं करत होतो, असं त्याचं म्हणणं होतं.

क्लबांसाठीही यात मोठी गोष्ट आहे. २००४मध्ये मायोर्काहून बार्सिलोनाला जाताना एटोची किंमत सुमारे २.४ कोटी युरो होती आणि त्याच्या बदलीचे अर्धे हक्क माद्रिदकडे असल्याने ती रक्कम वाटली गेली. आजच्या फिफा नियमाने खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली होते तेव्हा रकमेतले ५ टक्के, त्याला १२ ते २३ या वयात शिकवणाऱ्या क्लबांना मिळतात. २.४ कोटींवर ते १२ लाख युरो. त्यांतले १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक हंगामाचे ६० हजार आणि १६ ते २३मधल्या प्रत्येक हंगामाचे १ लाख २० हजार. कोकणातून असा खेळाडू उद्याच निघेल असं आम्ही म्हणत नाही. पण बदलीची रक्कम याच्या शंभराव्या हिश्शाची असली, तरी एका हंगामाचे ६०० किंवा १,२०० युरो होतात. गावच्या क्लबचे चेंडू, जाळ्या आणि बरेच बूट त्यात येतात. २०२२पासून हे पैसे पॅरिसमधल्या फिफा क्लिअरिंग हाऊसमार्फत, खेळाडूच्या इलेक्ट्रॉनिक नोंदीवरून वाटले जातात. जिथे नोंद नाही, तिथे हक्क सांगायला आधार नाही.

आणि आपल्याकडे नेमकी नोंदच नसते. मुलगा बाराव्या वर्षापासून एका क्लबच्या नावाने खेळतो, पण क्लब जिल्हा संघटनेशी आणि तिच्यामार्फत वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन या राज्य संघटनेशी जोडलेला नसतो, त्यामुळे अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या केंद्रीय नोंदणीत मुलाचं नाव जात नाही. सतराव्या वर्षी तो गोव्याच्या संघात गेला, की कागदोपत्री त्याचं फुटबॉल तिथूनच सुरू होतं. सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडच्या मुलांबाबत तर हे सहज घडू शकतं, गोवा इतका जवळ असताना. क्लबांनी संलग्नता घ्यावी, जन्मदाखला, ओळखपत्र, फोटो आणि पालकांची संमती घेऊन प्रत्येक मुलाची हंगामाच्या सुरुवातीलाच नोंदणी करावी. जन्मदाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षरशः एक आहे का, हे तेव्हाच पाहावं. आडनावाच्या स्पेलिंगमधल्या एका अक्षराच्या फरकाने नोंदणी अडून राहते आणि दुरुस्तीत हंगाम निघून जातो. मुलाने एका हंगामात चार मंडळांकडून खेळणंही थांबायला हवं. फिफाच्या नियमात एका हंगामात जास्तीत जास्त तीन क्लबांत नोंदणी आणि साधारणपणे दोनच क्लबांकडून अधिकृत सामने, अशी मर्यादा आहे.

ज्या मुलांची मागची वर्षं नोंदीविना गेली, त्यांच्या क्लबांनी निदान एवढं करावं: खेळलेल्या प्रत्येक स्पर्धेची पंचाची सही असलेली संघयादी, तारीख आणि निकाल यांची प्रत मागून फाइलला लावून ठेवावी. यंदा स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी ही यादी दोन प्रतींत करून एक प्रत संघाला द्यावी, आणि आपल्या दैनिकाने स्थानिक स्पर्धांचे निकाल छापताना गोल करणाऱ्यांबरोबर त्यांच्या क्लबचं नाव आणि वयोगट द्यावा, ही विनंती.

आपले,
रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील काही शालेय फुटबॉल प्रशिक्षक